हाड दुसऱ्याचं, मग जन्मभर गोळ्या?

गुडघ्याजवळची गाठ काढून तिथे दात्याचं हाड भरणार म्हटलं की नातेवाइकांतला कुणीतरी ठामपणे सांगतो: 'किडनीसारखंच आहे, शरीर स्वीकारणार नाही, जन्मभर गोळ्या.' तसं नाही.

किडनी जिवंत पेशींसकट बसवतात, म्हणून प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबावी लागते. टिश्यू बँकेतून, म्हणजे दान केलेली हाडं साठवणाऱ्या केंद्रातून, येणाऱ्या हाडातली मज्जा आणि चरबी धुऊन काढलेली असते; मग ते गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हे काम 1988 पासून चालतं. अशा हाडात नाकारण्याजोगं फारसं उरतच नाही. ते परांचीसारखं उभं राहतं आणि रुग्णाच्याच पेशी हळूहळू त्यात शिरून नवं हाड घडवतात. याला महिने लागतात, मोठ्या तुकड्याला वर्षंही.

जायंट सेल ट्यूमर ही बहुधा कॅन्सर नसलेली गाठ. ती खरवडून काढल्यावर उरलेली पोकळी अशा हाडाने, कमरेच्या स्वतःच्या हाडाने किंवा बोन सिमेंटने भरतात. काही कॅन्सरमध्ये तर रुग्णाचंच हाड कापून बाहेर काढतात, गाठ साफ करून किरणांचा 50 ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एकच मारा देतात आणि त्याच शस्त्रक्रियेत परत बसवतात. तिथे 'दुसऱ्याचं' काही नसतंच!

काळजी करायचीच तर जंतुसंसर्गाची करा, बसवलेलं हाड मूळ हाडाशी न जुळण्याची आणि ते मोडण्याची. तंबाखू सुटली नसेल तर हाड जुळायला आणखी वेळ लागतो. गोळ्यांची धास्ती घेणारे नातेवाईक हे मात्र क्वचितच विचारतात.