तेल संपल्यानंतर : यरुशलेमच्या प्रमुख याजकपदाची पार्श्वभूमी

बायबलमधील निर्गमच्या 29व्या आणि लेवीयच्या 8व्या अध्यायात पहिला याजक अहरोन व त्याच्या मुलांच्या समर्पणाचा विधी सांगितला आहे. स्नान, वस्त्रे, तेल, एक गोऱ्हा, दोन मेंढे आणि बेखमीर भाकरींची टोपली हा त्याचा क्रम परिचयाचा असल्याने येथे पुन्हा मांडलेला नाही. हा विधी एकदा होऊन गेल्यावर पुढचा प्रमुख याजक नेमका कशामुळे याजक ठरत असे आणि तसे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा या टिपणाचा प्रश्न आहे. दुसऱ्या, म्हणजे बाबेलच्या बंदिवासानंतर पुन्हा उभारलेल्या, मंदिराच्या काळातील बहुतेक वादांच्या मुळाशी तोच आहे.

मूळ विधीतील दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे तो विधी संदेष्टा मोशे याने चालवला. समर्पणाच्या दुसऱ्या मेंढ्याचे रक्त अहरोनाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला त्यानेच लावले. त्याच मेंढ्याची चरबी, उजवी मांडी आणि भाकरी याजकांच्या तळहातांवर ठेवून ओवाळवून घेतल्या, आणि ओवाळलेले ऊर त्याच्याच वाट्याला आले. पहिला याजक घडवताना हे काम करणारा याजक अस्तित्वातच नसल्याने ते मोशेकडे आले आणि त्याच्याबरोबर संपले. दुसरी गोष्ट अशी की तेल व रक्त माणसांवर आणि त्यांच्या वस्त्रांवरही शिंपडले गेले. निर्गम 29:29–30 मध्ये पुढची सोय सांगितली आहे : अहरोनाची पवित्र वस्त्रे त्याच्या मागून त्याच्या वंशजांकडे जावीत, त्यांतच त्यांचा अभिषेक व्हावा आणि जो मुलगा त्याच्या जागी येईल त्याने ती सात दिवस घालावीत. बाप, मुलगा, वस्त्र आणि सात दिवस एवढ्यावर ही तरतूद उभी आहे. ही साखळी तुटली तर काय करावे, याबद्दल तेथे एक शब्दही नाही.

याहून जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. शास्ते 17 मधील मीखा आपल्या घरच्या देव्हाऱ्यासाठी स्वतःच्या मुलालाच याजक नेमतो आणि नंतर लेवी वंशातला एक जण भेटल्यावर वर्षाला दहा शेकेल (त्या काळचे वजन) चांदीच्या बोलीवर त्याला ठेवून घेतो. यावरून सुरुवातीला ही नेमणूक किती घरगुती होती ते दिसते. सीरियातील एमार येथे सापडलेल्या इ.स.पू. 13व्या शतकातील पाट्यांमध्ये वादळदेवाच्या प्रधान पुजारिणीच्या स्थापनेचा अनेक दिवस चालणारा विधी आहे आणि त्यातही तिच्या मस्तकावर तेल घालतात. म्हणजे तेल, यज्ञ आणि दिवसांचा ठरावीक मुक्काम ही सामग्री त्या प्रदेशात आधीपासून रुळलेली होती. यहूदाचा राजा योशीया याने इ.स.पू. 622 च्या सुमारास उपासना यरुशलेममध्ये एकवटली आणि तेव्हापासून हा विधी एकाच वेदीशी बांधला गेला.

बाबेलच्या बंदिवासानंतर मंदिर पुन्हा उभे राहिले, पण अभिषेकाचे तेल परतले नाही. निर्गम 30 प्रमाणे ते गंधरस, दालचिनी, सुगंधी वेत व तज यांचे मिळून 1500 शेकेल आणि एक हिन (द्रवाचे माप) जैतुनाचे तेल घेऊन केलेले होते, आणि तसे दुसरे बनवण्यास मनाई होती. योशीयाने ते कराराच्या कोशाबरोबर दडवून ठेवले, अशी रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांची, परंपरा आहे. ती ऐतिहासिक असो वा नसो, दुसऱ्या मंदिरात तेल वापरले जात नव्हते हे तिने गृहीत धरले आहे. इ.स.पू. 520 च्या सुमाराच्या जखऱ्या 3 मधील दृश्य या दृष्टीने फार बोलके आहे. प्रमुख याजक यहोशवाची मळकी वस्त्रे उतरवली जातात, त्याला उंची वस्त्रे नेसवली जातात, डोक्यावर शुद्ध मंदील ठेवला जातो, पण तेथे तेल कोणी ओतत नाही. पुढे मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाने या दोन अवस्थांना वेगवेगळी नावे दिली : तेलाने अभिषिक्त झालेला याजक आणि वाढीव वस्त्रांनी याजक झालेला. साध्या याजकाची वस्त्रे चार आणि प्रमुख याजकाची आठ असत. वरची चार, म्हणजे एफोद (झग्यावरचे वस्त्र), ऊरपट, घुंगरे व डाळिंबे लावलेला झगा आणि कपाळावरची सोन्याची पट्टी, हीच आता पदाची खूण झाली.

साध्या याजकाचे काम तुलनेने सोपे राहिले. त्याची वंशावळ मंदिरातील कोरीव दगडांच्या दालनात तपासली जाई. दोष निघाला तर तो काळी वस्त्रे घालून निघून जाई, न निघाला तर पांढरी वस्त्रे घालून आपल्या भाऊबंदांबरोबर सेवेला लागे. सेवेच्या पहिल्या दिवशी त्याने तव्यावर भाजलेले एक दशमांश एफा (धान्याचे माप) सपिठाचे अन्नार्पण आणले की त्याची दीक्षा पूर्ण होई.

प्रमुख याजकपदाची साखळी इ.स.पू. 175 पासून खिळखिळी झाली. त्या वर्षी गादीवरच्या याजकाला त्याच्याच भावाने त्या वेळी यरुशलेमवर सत्ता असलेल्या सिल्युकस घराण्याच्या राजाला पैसे चारून हटवले. तीन वर्षांनी तिसऱ्याच माणसाने 300 तालांत (चांदीचे वजन) जास्त बोली लावून ते पद मिळवले. इ.स.पू. 159 मध्ये त्या वेळचा प्रमुख याजक वारला आणि पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे पुढची सात वर्षे मंदिराला प्रमुख याजकच नव्हता. प्रायश्चित्ताच्या दिवशी परमपवित्रस्थानात, म्हणजे जेथे फक्त प्रमुख याजक जाई त्या सर्वांत आतल्या दालनात, कोणीतरी गेलेच असेल, तेव्हा एखादे नाव मुद्दाम पुसले गेले असावे, असा तर्क काही अभ्यासक करतात.

इ.स.पू. 152 चा निर्णय या पोकळीतला आहे आणि अजूनही वादाचा आहे. सिल्युकस गादीच्या एका दावेदाराला यहुदी सैन्याची मदत हवी होती. त्याने सिल्युकसांविरुद्ध बंड केलेल्या मक्काबी बंधूंपैकी योनाथानाला पत्र पाठवले, ‘आजपासून’ त्याला प्रमुख याजक नेमल्याचे कळवले आणि सोबत जांभळा झगा व सोन्याचा मुकुट धाडला. सातव्या महिन्यात, मंडपांच्या सणाला, योनाथानाने पवित्र वस्त्र अंगावर घातले. मक्काबी ग्रंथ याच वाक्यात पुढे सांगतो की त्याने सैन्य जमवले आणि भरपूर शस्त्रे तयार केली. गोऱ्हा, मेंढे, सात दिवस किंवा वस्त्र चढवणारा हात यांचा तेथे उल्लेख नाही.

या निर्णयावर आज लिहिले जाते ते बहुतेक वंशाच्या अंगाने. योनाथान जुन्या प्रमुख याजकांच्या, म्हणजे सादोकाच्या, घराण्याचा नव्हता म्हणून त्याने पद बळकावले, असे म्हटले जाते. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांतला ‘दुष्ट याजक’ म्हणजे तोच, असेही पुष्कळांना वाटते. प्रस्तुत लेखकाला हा भर चुकीच्या जागी वाटतो. योनाथान याजककुळातलाच होता. त्याचे घराणे यहोयारीबाचे, म्हणजे बायबलमधील 1 इतिहास या ग्रंथाने दिलेल्या याजकांच्या 24 वर्गांपैकी पहिल्या वर्गाचे. पुढच्या काळात त्याच्या घराण्यातील प्रमुख याजकावर परूश्यांनी (यहुद्यांतील एका धर्मपंथाने) घेतलेला नोंदलेला आक्षेपही सादोकाबद्दल नाही. त्या याजकाची आई शत्रूच्या कैदेत होती, हा तो आक्षेप होता. खरी अडचण विधीची होती. बापाकडून मुलाकडे येणारे वस्त्र येथे तसे आले नाही, आणि साखळी नव्याने सुरू करू शकेल असा मोशेही नव्हता. परक्या राजाचे पत्र ती जागा भरू शकत नव्हते.

हे त्या घराण्याच्या समर्थकांनाही कळत होते, असे मानायला सबळ आधार आहे. इ.स.पू. 140 मध्ये योनाथानाचा भाऊ शिमोन याच्यासाठी याजक, लोक आणि वडीलधाऱ्यांच्या मोठ्या सभेने ठराव केला व तो पितळी पाट्यांवर कोरून मंदिराच्या आवारात लावला. त्यात शिमोनाला कायमचा प्रमुख याजक मानले आहे, पण ‘विश्वासार्ह संदेष्टा उभा राहीपर्यंत’ अशी अट घातली आहे. ही अट शोभेची नाही. याजक नसताना याजक घडवण्याचा अधिकार एका संदेष्ट्याने, म्हणजे मोशेने, वापरला होता, आणि तसाच कोणी आला तर हा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल, याची ती लेखी कबुली आहे. इतका प्रामाणिक राजकीय ठराव त्या काळात क्वचितच सापडेल.

वस्त्रानेच याजक होतो असे एकदा ठरले की वस्त्र ज्याच्या ताब्यात त्याचा शब्द चालतो, आणि पुढे तसेच झाले. मक्काबी घराण्याने ही वस्त्रे मंदिराशेजारच्या गढीत आपल्याच हाती ठेवली होती. पुढे रोमच्या पाठिंब्याने राजा झालेल्या हेरोदाने ती गढी नव्याने बांधून तिला अंतोनिया हे नाव दिले आणि वस्त्रेही स्वतःच्या ताब्यात घेतली. इ.स. 6 नंतर ती रोमन अधिकाऱ्यांकडे गेली. याजक आणि मंदिराचे खजिनदार यांची मोहोर लावलेल्या दगडी खोलीत ती ठेवलेली असत आणि गढीचा नाईक तेथे रोज दिवा लावी. वर्षातले तीन सण व प्रायश्चित्ताचा दिवस आला की सात दिवस आधी ती बाहेर निघत, शुद्ध केली जात आणि सणाचा पहिला दिवस सरताच परत जात. पूर्वी सात दिवस वस्त्र अंगावर वागवून माणूस पवित्र होत असे. आता परक्याच्या कुलपातून सुटलेल्या वस्त्राच्या शुद्धीसाठी सात दिवस राखावे लागत. इ.स. 36 च्या सुमारास सीरियाच्या रोमन सुभेदाराने ती याजकांना परत दिली. काही वर्षांनी नव्या अधिकाऱ्याने ती पुन्हा मागितली, तेव्हा यहुद्यांचे शिष्टमंडळ थेट रोमला गेले आणि इ.स. 45 मध्ये सम्राट क्लौद्याने त्यांच्या बाजूने लेखी निकाल दिला.

नेमणुकीचा अधिकार मात्र याजकांकडे आला नाही. हेरोदापासून मंदिर पडेपर्यंतच्या 107 वर्षांत जोसेफस 28 प्रमुख याजक मोजतो. त्यातला शेवटचा इ.स. 67–68 च्या हिवाळ्यात बंडखोरांनी चिठ्ठ्या टाकून निवडला. तो खेड्यातला माणूस होता. त्याला पवित्र वस्त्र चढवून कोणत्या वेळी काय करायचे ते पढवण्यात आले, आणि दुरून पाहणाऱ्या इतर याजकांना रडू आवरले नाही, असे जोसेफस लिहितो. तो स्वतः याजक होता आणि बंडखोरांचा विरोधक होता, हे ध्यानात घेऊनच ही नोंद वाचावी, कारण राजाने पैसे घेऊन केलेल्या नेमणुकीपेक्षा चिठ्ठीने केलेली नेमणूक विधीच्या दृष्टीने अधिक सदोष होती असे म्हणता येत नाही.

मंदिर इ.स. 70 मध्ये पडले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी संकलित झालेल्या मिश्नाने तेलाचा याजक आणि वस्त्राचा याजक यांच्यातील फरक एका ओळीत ठरवून टाकला : अजाणता आज्ञा मोडल्याबद्दल लेवीय 4 प्रमाणे आणायचा गोऱ्हा फक्त तेलाने अभिषिक्त झालेल्याने आणावा. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा गोऱ्हा आणि रोजचे दशमांश एफा सपीट यांच्या बाबतीत दोघे समान आहेत.