मराठी जाहिरातींतला ‘कॅलिग्राफी फॉन्ट’ : पार्श्वभूमी

सणाचा सेल असो, निवडणुकीचा फ्लेक्स असो की क्लासच्या प्रवेशाची पोस्ट, मथळा जरा नटवायचा म्हटलं की ग्राहकाची एकच मागणी असते : ‘कॅलिग्राफी फॉन्ट टाका.’ मागणी सगळ्यांना कळते, पण शब्दप्रयोग गोंधळाचा आहे. सुलेखनात एका ओळीत ‘र’ तीनदा आला तर तो तीन तऱ्हांनी पडतो, शेजारचं अक्षर बघून. फॉन्टमध्ये एकदा काढलेला ‘र’ प्रत्येक वेळी तसाच उमटतो. हे दोन शब्द मराठीत एकमेकांना कसे चिकटले, याचं उत्तर डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, पहिल्या पंधरा-वीस वर्षांत सापडतं.

त्याआधी मथळा हातानेच व्हायचा. बारीक मजकुराचं टाइपसेटिंग करून ब्रोमाइड (फोटोच्या कागदावरची प्रत) काढायचं, ते कापून बोर्डावर चिकटवायचं आणि वरचा मथळा चपट्या ब्रशने किंवा कटनिबने (तिरक्या कापलेल्या टोकाच्या निबने) लिहायचा, अशी कामाची वाटणी होती. चित्रपटांची पोस्टरं आणि भिंतींवरच्या जाहिरातींत तर सगळंच हाताने. या पद्धतीत घटक होता शब्द. शिरोरेषा शब्दभर एका दमात ओढली जाई आणि पहिल्या वेलांटीची कमान खालच्या जोडाक्षराच्या रुंदीला बेतून वळवली जाई. पुढे नेमक्या याच दोन गोष्टी फॉन्टला जमेनात.

नव्वदच्या दशकात मराठी फॉन्ट आले ते आठ बिटांचे. एका फाइलीत २५६ घरं, त्यातली पहिली ३२ संगणकाच्या नियंत्रणासाठी राखीव. उरलेल्या सव्वादोनशेच्या आत स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, उकार, आकडे आणि विरामचिन्हं कोंबायची होती. सगळी जोडाक्षरं त्यात मावणं अशक्य, म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले : अर्धा ‘ग’ वेगळा, काना वेगळा, दोन्ही जोडले की ‘ग’. साध्या मजकुराच्या फॉन्टला हे चालून गेलं. सजावटी अक्षरात मात्र काना तिरका असतो, रेघ कुठे जाड कुठे बारीक असते आणि शिरोरेषा सपाट नसते. मग ‘श्री’ची वेलांटी नेटकी बसते आणि ‘स्त्री’ची हवेत लटकते.

यावर निघालेला तोडगा या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा, आणि आजही त्यावर वाद घालता येतो. पहिली वेलांटी तीन-चार रुंदींची, काना साधा आणि शेपटीचा, ‘ल’, ‘म’, ‘र’ यांची दोन-दोन वळणं, शब्दाखालून जाणारा फराटा : हे सगळं त्याच फॉन्टच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फाइलीत भरलं गेलं. ऑल्ट दाबून शून्यापासून सुरू होणारा चार आकडी कोड टाकला की हवं ते वळण यायचं. कोडांचा छापील तक्ता मॉनिटरच्या शेजारी चिकटवलेला असायचा; कोपरे वळलेले, नेहमीच्या कोडांभोवती पेनाने गोल. डिझायनर मथळा आधी सरळ टाइप करी आणि मग एकेक अक्षर बदलत जाई : शेवटच्या ‘त’ला शेपटी, पहिल्या ‘म’ला झोकदार सुरुवात. निवड हाताने होत असल्यामुळे या कामाला ‘कॅलिग्राफी करणं’ म्हणू लागले आणि फॉन्टला ‘कॅलिग्राफी फॉन्ट’. पुढे ब्रशच्या फटकाऱ्याचा, गुबगुबीत, तलवारीसारख्या वेलांटीचा असा कोणताही सजावटी फॉन्ट याच नावाखाली विकला, वाटला आणि बऱ्याचदा परवान्याविना कॉपी केला गेला. नाव चुकीचं असलं तरी त्या पद्धतीत डिझायनरला प्रत्येक अक्षराकडे बघावं लागत होतं. आज ते बघणं कमी झालंय.

तुकडे जोडण्यामुळे आलेली दुसरी सवय म्हणजे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून, फाइल देणं. प्रेसच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला तर मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे, म्हणून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबूनच फाइल बाहेर पडे. पण कर्व्ह केल्यावरही काना आणि अर्धं अक्षर हे दोन आकार एकमेकांवर चढलेलेच राहतात. बाहेरून आउटलाइन दिली की प्रत्येक सांध्यावर रेघ दिसते. आकार एकत्र करायला ‘कम्बाइन’ केलं तर एकमेकांवर चढलेला भाग पांढरा होऊन अक्षराला भोकं पडतात. तिथे ‘वेल्ड’च करावं, म्हणजे सगळे आकार मिसळून एकच आकार करावा लागतो. कटिंग प्लॉटरवर, म्हणजे ब्लेडने अक्षरं कापणाऱ्या यंत्रावर, ही चूक जास्त महाग पडते, कारण ब्लेड सांध्यावरूनही फिरतं आणि व्हाइनिलच्या चिकट शीटमधली शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी सुटते.

फ्लेक्स आल्यावर मथळ्याचा आकार वाढला आणि नाजूक टोकांचं नुकसान झालं. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स सोयीसाठी १० बाय २० इंचांत करतात. त्याच मापात ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपक्यांची) फाइल दिली तर प्रत्यक्षात प्रत्येक इंचाला २५ ठिपके उरतात. जाड अक्षराला ते पुरतात. ब्रशचे कोरडे ओरखडे आणि केसासारखी टोकं मात्र फुटतात.

२०१२ मध्ये चित्र बदललं. पानांच्या मांडणीच्या इनडिझाइन सीएस६ मध्ये भारतीय लिप्यांची जुळणी आली, कोरलड्रॉ एक्स६ मध्ये ओपनटाइपची, म्हणजे जोडाक्षरं आणि वळणं फॉन्टमध्येच सामावणाऱ्या प्रकाराची, सोय आली. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फॉन्टना समान असलेल्या कोडांत, टाइप केलेला मथळा आता जाहिरातीच्या साधनांत वापरता येऊ लागला. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागे; तो नसला की वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार जागा सोडतो, ‘क्ष’चा पाय मोडलेला दिसतो. अशी पोस्टर आजही छापली जातात.

मग २०१४ ते २०१६ दरम्यान मोफत देवनागरी डिस्प्ले (मथळ्यांसाठीचे) फॉन्ट आले. ‘मोदक’ हा फुगलेला आणि अतिजाड, ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला. दोन्हींचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देतो. इतरत्र उतरवून घेतलेल्या फॉन्टवर ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेलं असेल तर ते सेलच्या बॅनरला लागू होत नाही, हे बरेचजण छापून झाल्यावर वाचतात. वेल्डची गरजही संपलेली नाही. युनिकोड फॉन्टमध्येही शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेलीच असते, त्यामुळे आउटलाइन दिली की जुना सांधा परत दिसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर उलट होतं : शिरोरेषा तुटते.

एक तक्रार खास मराठीची. जुने सजावटी फॉन्ट महाराष्ट्रात, मराठीसाठी बनले होते. त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच असत. युनिकोड फॉन्ट सगळ्या देवनागरी भाषांसाठी असल्याने अनेकांत आधी हिंदी वळण येतं. मराठी रूप फॉन्टच्या पोटात असलं तरी मजकुराची भाषा मराठी नेमल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि काही डिस्प्ले फॉन्टमध्ये ते नसतंच. शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित केली, २०२२ मध्ये ती सुधारली आणि पाकळीयुक्त ‘ल’, देठयुक्त ‘श’ वापरायला सांगितलं. जाहिरातींवर याचा परिणाम थोडाच झालेला दिसतो.

मोबाइलने आणखी एक सवय आणली : शिरोरेषा काढून टाकायची, म्हणजे मथळा ‘मॉडर्न’ दिसतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात शिरोरेषेतली फट हा वाचकाचा मोठा आधार. ती गेली की सगळा भार छोट्या गाठीवर येतो, आणि १०८० पिक्सेलची चौकट फोनवर सहा-सात सेंटिमीटरची झाली की गाठ भरून जाते. गुजराती पाटीचा भास होतो तो वेगळाच.

रुपयाचं चिन्ह २०१० चं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही. ‘₹४९९’ मधलं चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून उचलावं लागतं आणि जाडी जुळत नाही. म्हणून जुन्या अक्षरांच्या सेल-पोस्टवर अजून ‘रु.’ दिसतं. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मुख्य फाइलीचे कोड ओळखतात, पण पर्यायी वळणांच्या फाइलीतला कोड आला की भलतंच अक्षर देतात. कर्व्ह केलेल्या फाइलीत तर मजकूर उरलेलाच नसतो. दहा वर्षांपूर्वीच्या मोहिमेचा मथळा एका शब्दाने बदलायचा असला की तो नव्याने टाइप करावा लागतो, आणि कोडांचा तक्ता हरवला असेल तर तीच वेलांटी पुन्हा सापडत नाही.