कॅप्टन जेकब आणि न सापडलेला ग्रह

सौरमालेबाहेरील निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने जाहीर केले. त्या निमित्ताने आलेल्या बहुतेक बातम्यांनी ही कथा १९९५ पासून सुरू केली, म्हणजे मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला तेव्हापासून. त्यामुळे त्यापूर्वी कोणी अशा ग्रहांच्या मागे लागलेच नव्हते, असा समज सहज होतो, आणि तो चुकीचा आहे. मद्रास वेधशाळेचे संचालक कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनी १८५५ मध्येच असे लिहिले होते की, ७० ऑफियुची या जोडताऱ्यापाशी, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीपाशी, एखादा ग्रह असणे अत्यंत संभवनीय आहे. तो ग्रह आजतागायत सापडलेला नाही. तरीही जेकब यांच्या चुकीचा अभ्यास करावा असे मला वाटते, कारण त्यांनी अवलंबिलेली रीत मुळात बरोबर होती.

जेकब यांचा जन्म १८१३ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिस्कोम येथील विद्यालयात शिकून ते अभियंता झाले, १८३१ मध्ये मुंबईस आले आणि पुढे भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करू लागले. दूरच्या टेकडीवरील खुणेचा कोन अचूक मोजणे हे सर्वेक्षकाचे रोजचे काम. तीच सवय त्यांनी आकाशाकडे वळवली. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि १८४५ ते १८४८ या काळात तेथून जोडताऱ्यांचे वेध घेऊन २४४ जोड्यांची यादी तयार केली. अनुराधा नक्षत्राजवळचा न्यू स्कॉर्पिआय हा दुहेरी नसून तिहेरी आहे, हे त्यांना १८४७ मध्ये दिसले. कॅप्टनपदी पोहोचल्यावर थोड्याच काळात त्यांनी कंपनीची नोकरी सोडली आणि १८४८ च्या अखेरीस मद्रास वेधशाळेचे संचालकपद स्वीकारले.

आता मूळ मुद्दा. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण शाळेत शिकतो, ते अर्धेच खरे आहे. तारा आणि ग्रह दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. तारा फार जड असल्यामुळे त्याची फेरी अगदी लहान असते, एवढेच. गुरूचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे ७८ कोटी किलोमीटर आहे आणि सूर्य गुरूच्या १,०४७ पट जड आहे. भागाकार केला तर या दोघांचा वस्तुमानमध्य सूर्याच्या केंद्रापासून सुमारे ७ लाख ४३ हजार किलोमीटरवर येतो. सूर्याची त्रिज्या ६ लाख ९६ हजार किलोमीटर आहे. म्हणजे गुरूच्या ओढीने सूर्य ज्या बिंदूभोवती घुटमळतो, तो बिंदू सूर्याच्या पृष्ठभागाच्याही किंचित बाहेर आहे. ग्रह दिसला नाही तरी ताऱ्याचे हे डगमगणे दिसू शकेल, हीच ती रीत. याच रीतीने जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी व्याधाच्या नागमोडी चालीवरून त्याला अदृश्य जोडीदार असल्याचे १८४४ मध्ये सांगितले होते.

जोडताऱ्यात हे मोजण्यासाठी दुर्बिणीच्या नेत्रिकेपाशी सूक्ष्ममापक बसवीत. त्यात कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ताणून बसवलेले असत. एक तंतू मुख्य ताऱ्यावर ठेवायचा, स्क्रू फिरवून दुसरा तंतू जोडीदारावर आणायचा, किती फेरे झाले ते वाचायचे, मग जोडीची दिशा उत्तरेपासून किती अंश कललेली आहे ते पाहायचे आणि दोन्ही आकडे वहीत टिपायचे. हवा थरथरत असल्यामुळे दोन्ही तारे तंतूंखाली सतत नाचत असतात. ७० ऑफियुचीतील दोन ताऱ्यांमध्ये सरासरी साडेचार विकलांचे अंतर आहे. एक विकला म्हणजे दहा रुपयांचे नाणे साडेपाच किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढा कोन. हा तारा आपल्यापासून जवळजवळ १७ प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तेथून पाहिले तर गुरूमुळे होणारे सूर्याचे डगमगणे साधारण एक सहस्रांश विकला भरेल, म्हणजे तेच नाणे साडेपाच हजार किलोमीटरवरून. उलट, पाच विकला अंतराच्या जोडीची दिशा मोजताना एका अंशाची चूक झाली, तर ती जवळजवळ ०.०९ विकलांची होते, म्हणजे शोधायच्या गोष्टीच्या नव्वदपट.

जेकब यांना मात्र वेध आणि गणिताने काढलेली कक्षा यांत नियमित वाटणारा फरक दिसला. माझ्या मते, मोजणीतील चुकांइतकाच घात काळाच्या मर्यादेने केला. ही जोडी एका फेरीस सुमारे ८८ वर्षे घेते. विल्यम हर्शेल यांनी ती १७७९ मध्ये प्रथम नोंदवली, म्हणजे १८५५ पर्यंत ७६ वर्षेच झाली होती. एक फेरीही पुरी झालेली नव्हती, आणि सुरुवातीचे वेध ओबडधोबड होते. अपुऱ्या कमानीवर लंबवर्तुळ बसवले आणि ते थोडे जरी चुकले, तरी उरलेले फरक विस्कळीत न राहता लाटेसारखे एका बाजूने दुसऱ्या बाजूस झुकतात. अशी लाट ग्रहाच्या ओढीसारखीच दिसते. पुढे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ टी. जे. जे. सी यांनी १८९० च्या दशकात याच ताऱ्यापाशी मोठ्या आत्मविश्वासाने अदृश्य सोबती मांडला, तेव्हा अशी तिहेरी रचना टिकूच शकणार नाही हे फॉरेस्ट रे मोल्टन यांनी १८९९ मध्ये गणिताने दाखवले. १९४३ मध्ये पुन्हा एकदा दावा झाला आणि तोही टिकला नाही. दर दोन महिन्यांनी 'दुसरी पृथ्वी सापडली' असे मथळे देणाऱ्यांनी ही हकिगत जरूर वाचावी. जेकब यांनी निदान 'संभवनीय' हा शब्द वापरला होता.

रीत मात्र टिकली. युरोपीय अवकाश संस्थेच्या गैया यानाने ताऱ्यांची स्थाने विकलेच्या लक्षांशांच्या भाषेत मोजली आणि त्या मोजणीतील डगमगण्यावरून हाती लागलेला गैया-४बी हा ग्रह २०२५ मध्ये जाहीर झाला.

प्रकृती ढासळल्यामुळे जेकब यांनी १८५९ मध्ये मद्रास सोडले. तरीही १८ जुलै १८६० चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते मोहिमेबरोबर स्पेनला गेले. आजारी माणसाने ग्रहण पाहू नये असे आपल्याकडे आजही बजावले जाते, पण ग्रहणाच्या सावलीत प्रकृतीला बाधणारे काहीही नसते. जपायचे असतात ते उघड्या सूर्याकडे पाहणारे डोळे. पुढे पुण्याजवळ डोंगरावर, दाट हवेच्या थराच्या वर, वेधशाळा उभारावी अशी योजना त्यांनी मांडली. ब्रिटिश संसदेने तिच्या साधनसामग्रीसाठी एक हजार पौंड मंजूर केले, आणि लेरबूर यांच्याकडून घेतलेल्या स्वतःच्या नऊ इंची दुर्बिणीने तेथे तीन वर्षे काम करण्याचे जेकब यांनी कबूल केले. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले आणि पुण्यास पोहोचल्यावर १६ ऑगस्टला, वयाच्या ४८ व्या वर्षी, वारले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला अमेरिकेत आल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना बेसेल यांनी सांगितलेला व्याधाचा जोडीदार प्रत्यक्ष दिसला होता. ऑगस्टच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास ७० ऑफियुची पुण्यात जवळजवळ डोक्यावर असतो. ढग बाजूला झाले, तर तीन इंची दुर्बिणीतूनही त्याचे दोन्ही तारे वेगळे दिसतात.