थ्री-कुशन: शॉट कुठला घ्यायचा आणि पुढचा डाव कसा ठेवायचा

आमच्याकडं थ्री-कुशनचं, म्हणजे तीन बॉलच्या बिलियर्डचं, बिनपॉकेटचं टेबल लावल्यापासून विश्रामबाग, मिरज, अगदी तासगाववरून पण मंडळी येतात, बहुतेक सगळी स्नूकर नाहीतर पूल खेळून आलेली, हात तयार असतो, क्यू (खेळायची काठी) सरळ चालतो, तरी अर्ध्या तासात वैतागतात की पॉइंटच होईना. त्यांच्यासाठी हे पत्रक काढलंय.

नियम थोडक्यात. पांढरा, पिवळा, लाल असे तीन बॉल. पांढरा एकाचा क्यू बॉल (म्हणजे क्यूनं मारायचा बॉल), पिवळा दुसऱ्याचा. आपला क्यू बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना लागला पाहिजे, आणि दुसऱ्या बॉलला लागायच्या आधी कमीत कमी तीनदा कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागलेला पाहिजे (एकाच कुशनला दोनदा लागला तरी दोन धरतात). झालं की 1 पॉइंट आणि परत तुम्हीच. गेम सुरू करतानाचा पहिला शॉट मात्र लालवरूनच घ्यायचा.

आता मुद्द्याचं. स्नूकरवाल्याला सवय असते की शॉट झाल्यावर क्यू बॉल कुठं थांबेल ते बघायचं. इथं क्यू बॉल टेबलभर फिरून दमलेला असतो, दुसऱ्या बॉलला हळूच लागतो आणि तिथंच आसपास थांबतो. म्हणजे दोन बॉल कुठं असतील ते तुम्हाला शॉट मारायच्या आधीच जवळजवळ माहीत असतं. उरला पहिला बॉल, ज्याला तुम्ही जोरात मारून पाठवलाय. तो कुठं जातो त्यावर पुढचा शॉट सोपा की अवघड हे ठरतं, आणि नव्या माणसाचं नेमकं तिकडंच लक्ष नसतं.

एक पोझिशन घेऊ, टेबलावर लावूनच बघा. तुमचा पांढरा खाली डाव्या कोपऱ्याजवळ. पिवळा त्याच्या पुढं उजवीकडं, टेबलाच्या मध्याच्या जरा खाली. लाल खाली उजव्या कोपऱ्यात, कुशनपासून थोडा सुटलेला. पिवळ्याच्या डाव्या अंगाला मारायचं, साइड (क्यू बॉलला बाजूला मारून दिलेली फिरकी) पण डावीच, मग पांढरा उजव्या लांब कुशनला, तिथून वरच्या आखूड कुशनला, मग डाव्या लांब कुशनला लागून तिरका खाली लालवर येतो. सरळ घरचा शॉट आहे. पण पिवळा किती जाड घ्यायचा, म्हणजे त्याच्या किती भागावर पांढरा लावायचा? अगदी पातळ घेतला तर पिवळा रांगत रांगत लालच्याच अंगावर जातो, एकतर लालला हलवतो नाहीतर तुमच्या पांढऱ्याला वाटेत आडवा येतो, आपण त्याला किस म्हणतो, झालेला पॉइंट जातो. अर्ध्या बॉलच्या आसपास घेतला की पिवळा उजव्या कुशनला लागून टेबल ओलांडून डावीकडं खाली येतो, पांढरा तोवर वर फिरत असतो त्यामुळं गाठ पडत नाही, आणि पॉइंट झाल्यावर पांढरा-लाल उजव्या कोपऱ्यात, पिवळा डाव्या कोपऱ्याकडं. तुमच्या हातात परत कोपऱ्यातला बॉल! साइड थोडी कमी-जास्त करून पांढऱ्याची वाट जुळवून घ्यायची, पण जाडी ठरवायची ती पिवळ्याकडं बघून.

कोपऱ्यातल्या बॉलचं एवढं कौतुक का, तर तो मोठा असतो. बॉलचा व्यास साडेएकसष्ट मिलिमीटर, त्यामुळं मोकळ्यातल्या बॉलला जेमतेम 12 सेंटीमीटरच्या पट्ट्यातून यावं लागतं. पण बॉल कुशनपासून थोडासा सुटलेला असेल, मधल्या फटीतून दुसरा बॉल जेमतेम जाईल न जाईल एवढा, तर आधी चुकलेला क्यू बॉल कुशनवरून परत येऊन पण लागतो, कोपऱ्यात तर दोन्ही कुशनवरून. कॅरम बोर्डवर भोकाच्या तोंडाशी आलेली सोंगटी कुठूनही जाते तसंच. दोन शॉट सारखेच वाटत असले तर ज्यात दुसरा बॉल मोठा आहे तो घ्या, डोळे झाकून.

आमच्या मते क्रम असा ठेवावा. आधी किस होतोय का ते बघा, होत असेल तर दुसरा शॉट किंवा दुसरी जाडी. मग दुसरा बॉल मोठा कुठल्या बाजूनं मिळतो ते बघा. मग स्पीड. पोझिशनसाठी पॉइंट पणाला लावायचा नाही, पण एकाच शॉटच्या दोन जाड्या चालत असतील तेव्हा पहिला बॉल कोपऱ्याकडं नेणारी घ्या. तिन्ही बॉल एका लांब कुशनच्या मधोमध चिकटून बसले तर पुढं काहीच दिसत नाही, ते टाळा. सेफ्टीच्या (समोरच्याला अवघड पोझिशन ठेवण्याच्या) मागं पहिल्या वर्षी लागू नका असं आमचं स्पष्ट सांगणं आहे, पॉइंटचा हातच तयार होत नाही.

पहिला बॉल नसेल घ्यायचा, आधी तीन कुशन मग दोन्ही बॉल असा बँक शॉट असेल तर डायमंड, म्हणजे कडेच्या लाकडावरच्या खुणा, मोजा. लांब कुशनवर कोपरे सोडून 7 खुणा असतात, आखूडवर 3. सगळ्यात चालणारा हिशोब: क्यू बॉल कोपऱ्यातून निघतो तेव्हा त्याचा आकडा 50, समोरच्या लांब कुशनवर पलीकडच्या टोकापासून प्रत्येक डायमंड 10, 20, 30 असा. 50 वजा 20 म्हणजे तिसऱ्या कुशनवर 30 ला येणार, 50 वजा 30 केलं तर 20 ला. वाटेच्या दिशेची भरपूर साइड आणि मोकळा, न झटकलेला हात पाहिजे, नाहीतर आकडे जुळत नाहीत. नेम कुशनच्या कडेवर धरायचा नाही, मागच्या लाकडावरच्या डायमंडवर धरायचा.

आता आपल्या गावची गोष्ट. मोठ्या स्पर्धांची टेबलं खालून गरम ठेवतात, कापड कोरडं राहावं म्हणून. आपल्या टेबलाला हीटर नाही, त्यामुळं जूनपासून कृष्णेला पाणी वाढतं तसं कापडात पण ओल येते, बॉल कुशनला जास्त पकडतो आणि आखूड येतो. पावसाळ्यात वरचा हिशोब थोडा लांब धरून मारा. एप्रिल-मेमध्ये किंवा नवीन कापडावर उलटं, बॉल घसरतो आणि लांब जातो. आल्या आल्या कोपऱ्यातून 50-30 चे दोन-तीन शॉट मारून बघायचे, आज टेबल कसं आहे ते तिथंच कळतं. आणि भडंग खाल्लेले हात धुऊनच बॉलला लावा, तेलाचा एक डाग लागला तरी किस आणि साइड दोन्ही बदलतात, खरंच सांगतोय.

पॉइंट कमी होतात म्हणून नाराज होऊ नका. जगातले अव्वल खेळाडू पण एका टर्नला सरासरी 2 पॉइंटच्या आसपास असतात. स्वीडनचे ब्लॉमडाल किंवा नेदरलँड्सचे यास्पर्स यांचा खेळ मोबाईलवर मिळतो, बघताना क्यू बॉलवरची नजर काढा आणि पहिल्या बॉलच्या मागं लावा, दहा मिनिटांत लक्षात येईल की तो किती वेळा कोपऱ्याकडंच जाऊन थांबतो.

काउंटरला टेबलाचे छापलेले कोरे नकाशे ठेवलेत, पैसे नाहीत. अडलेली पोझिशन पेन्सिलनं काढून ठेवा, दुपारी टेबल मोकळं असतं तेव्हा आम्ही तीच लावून तुमच्याबरोबर मारून बघतो.