महार वतन

महार वतन : गावगाड्यात महार जातीकडे वंशपरंपरेने असलेली गावची व सरकारची चाकरी, आणि तिच्या मोबदल्यात मिळणारी जमीन, बलुते व मानहक्क यांना मिळून महार वतन म्हणत. चाकरीला ‘महारकी’ हा शब्द रूढ होता. पाळीवर असलेल्या माणसाला प्रदेशपरत्वे वेसकर (येसकर), तराळ, पाडेवार अशी नावे होती. पाटीलकी व कुलकर्णीपण हीही वतनेच. पण त्यांनी धारकाला गावावर अधिकार दिला, तर महार वतनाने धारकाला सहकुटुंब गावाच्या हुकमतीखाली ठेवले.

‘वेसकर’ हा शब्द ‘वेस’ यावरून आला, याविषयी मतभेद नाही. ‘महार’ या शब्दाविषयी मात्र एकमत नाही. रा. गो. भांडारकरांनी तो ‘मृताहार’ यावरून काढला. महात्मा फुले यांनी ‘महाअरी’, म्हणजे मोठा शत्रू, अशी फोड करून महारांना मूळच्या लढवय्या क्षत्रियांत गणले. जॉन विल्सन यांनी ‘महाराष्ट्र’ हे नावच महारांवरून पडले असे सुचविले, श्री. व्यं. केतकरांनीही ‘महार’ व ‘रट्ठ’ यांच्या संयोगाचा विचार मांडला. भांडारकरांच्या मतात एक अडचण राहते. मेलेली जनावरे ओढणे हे काम लादले गेले ते केव्हा, हेच जिथे ठरलेले नाही, तिथे त्या कामावरून जातीचे नाव पडले असे धरणे म्हणजे नंतरची अवस्था मुळावर लादणे होय. फुल्यांची फोड भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नसली, तरी हीनत्व उपजत नसून पराभवानंतर लादलेले आहे हा तिच्यामागचा विचार पुढच्या सर्व चळवळीला पुरला.

उगम : वतनाच्या बावन्न हक्कांचा उगम परंपरा बेदरच्या बादशाहीत सांगते. एका कथेनुसार अमृतनाक महाराने बादशहाची हरवलेली बेगम शोधून सुखरूप परत आणली. निघण्यापूर्वी त्याने स्वतःचे पुरुषत्व छेदून ते डबीत बंद करून दरबारी ठेवले होते. संशय आला तेव्हा डबी उघडली गेली, आणि बक्षीस म्हणून त्याने स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागितले. दुसरी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात सरकारी कोठार लोकांना खुले करणाऱ्या दामाजीसाठी विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला व धान्याची रक्कम भरून आला. महीपतींच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) ही कथा घरोघर पोचली. देव महार होऊन आला म्हणून महारांना हक्क मिळाले, असा तिचा वतनाशी संबंध जोडला जातो.

कालनिश्चितीत घोळ आहे. दामाजीचा दुष्काळ काहीजण दुर्गादेवीचा (परंपरेने १३९६–१४०७) मानतात. पण बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला गेली ती पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. त्यामुळे दामाजीचा काळ त्या शतकाच्या मध्यास, १४६० च्या सुमारास धरणे अधिक सयुक्तिक. मात्र वतनासारखे संबंध त्याआधीच रुजलेले दिसतात. मंगळवेढ्याचेच संत चोखामेळा (मृत्यू परंपरेने १३३८, गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून) ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार । बहु भुकेला जाहलों । तुमच्या उष्ट्यासाठीं आलों’ असे म्हणतात. यातला जोहार (महारांनी करायचा नमस्कार) आणि उष्टे या दोन्ही गोष्टी महारकीतल्या आहेत. अभंगांचे पाठ उत्तरकालीन बाडांतून हाती आले असल्याने या पुराव्यावर फार भार देता येत नाही. तरीही बादशहाच्या सनदेने (लेखी हक्कपत्राने) वतन निर्माण केले असे मानण्यापेक्षा, आधीच्या रिवाजाला सनदेच्या कथेने हक्काची भाषा दिली असे मानणे बरे. हक्कांत मेलेल्या ढोराचे कातडे आणि मढ्यावरचे कापड यांचाही समावेश होता. पेशवेकालीन कागदांत महार व मांग यांचे अशा हक्कांवरून झालेले वतनतंटे आढळतात. जपानी इतिहासकार हिरोयुकी कोतानी यांनी या कागदांचा बारकाईने अभ्यास केला.

कामे व मोबदला : चावडीवर हजेरी देणे, साऱ्याचा पैसा खजिन्यात पोचविणे, सरकारी लखोटे नेणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, आल्या अंमलदाराची सरबराई, लाकडे फोडणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे होती. यादीला शेवट नव्हता, आणि खरी पिळवणूक तिथेच होती. बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुतार, लोहार व मांग यांच्याबरोबर महारही मोजला जाई. सुताराला मात्र रात्री दारावर हाक मारून परगावी धाडता येत नसे. कसायला दिलेल्या जमिनीस हाडकी किंवा हाडोळा म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तिचे तुकडे एवढे लहान झाले, की त्यांवर कुटुंबाचे पोट चालेना. खळ्यावरचे बलुते कुणब्याच्या मर्जीवर होते. त्रिं. ना. आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) या व्यवस्थेच्या तपशिलासाठी अजूनही अपरिहार्य आहे, परंतु त्यात बलुतेदारांची मागणी कुणब्याला किती जड जाते याचीच तक्रार अधिक आहे. ती लक्षात ठेवून ते वाचावे.

पाळीचा येसकर दिवस मावळताना घोंगडी खांद्यावर टाकून भाकरी मागायला निघे. हातातल्या काठीला घुंगरे बांधलेली असत. त्यांचा आवाज ऐकून घरातल्या बाईला कळे की दारात कोण आले आहे, आणि भाकरी वरून टाकली जाई.

साहित्यातील पडसाद : चोखोबांच्या अभंगांतली नम्रता त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्याकडे संतापात बदलते : ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती । जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता.’ एकनाथांनी जोहाराच्या भारुडांत महाराच्या तोंडून अध्यात्म सांगितले; त्यात बोलणारा महार असला, तरी सांगणारा महार नाही. तो फरक विसाव्या शतकातील आत्मकथनांनी दाखविला. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या शीर्षकातच वतन आहे. शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) मध्ये आटपाडीच्या तराळाच्या घरातले बालपण लिहिले. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये येसकराच्या काठीबरोबर महारवाड्यातल्या बायकांची उपासमारही येते. ती बाजू त्याआधीच्या लेखनात फारशी नव्हती.

कायदा व चळवळ : १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने गावरिवाजाला सरकारी पाठबळ मिळाले. पाळीचा माणूस नसेल तर त्याच्या कुटुंबातील दुसऱ्याला कामाला लावता येई. म्हणजे एका वतनावर अख्खे घर रात्रंदिवस राबे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’मधून यावर लिहिले. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृत मांस व हीन कामे सोडण्याची हाक दिली गेली. तिच्या पाठोपाठ अनेक गावांत महारांचे बलुते अडविण्यात आले, त्यांना वाळीत टाकण्यात आले. वतन हे प्रतिष्ठेचे नसून वेसण आहे, हे यातून उघड झाले. १९ मार्च १९२८ रोजी आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. कामे नेमकी ठरवावीत, बलुत्याऐवजी साऱ्याबरोबर रोख पट्टी वसूल करावी, आणि वतन सोडू इच्छिणाऱ्यास जमीन पूर्ण आकारावर (पूर्ण सारा घेऊन) द्यावी, असे त्याचे सूत्र होते. १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. १९३७ मध्ये वतन रद्द करण्याचे विधेयक आणले. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर) येथे वतनी जमिनींवरील वाढीव जुडीविरुद्ध (सवलतीच्या साऱ्यातील वाढीविरुद्ध) परिषद भरली.

जातीतही मत एक नव्हते. वतन गेले तर जमीन जाईल, ही भीती म्हाताऱ्यांना होती आणि ती निराधार नव्हती.

कोकणात व नागपूरकडे वतनाची पकड देशावरच्याइतकी घट्ट नव्हती. कोकणातील महार लष्करात शिरले, तर नागपूरकडे जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा त्यांच्या हाती होता.

निर्मूलन : मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ मध्ये झाला व १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. चाकरी संपली. कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्यांना जमिनी फेरप्रदान झाल्या, म्हणजे परत दिल्या गेल्या, पण नवीन शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व नजराणा यांशिवाय त्या विकता येत नाहीत. सातबाऱ्यावर अशा जमिनीसमोर आजही ‘महार वतन, ६ ब’, ‘भोगवटादार वर्ग २’ असे शेरे दिसतात, आणि शहरे वाढली तिथे परवानगीविना झालेल्या व्यवहारांचे दावे चालू आहेत.