पाच तासांत चेतापेशी? अस्थिमज्जेतल्या पेशींच्या दाव्याची पार्श्वभूमी

अस्थिमज्जेतल्या स्ट्रोमल पेशींपासून (मज्जेतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून) हाड, कूर्चा आणि चरबी तयार होते, एवढे १९९० च्या दशकात पक्के झाले होते. ऑगस्ट २००० मध्ये न्यू जर्सीतल्या डेल वुडबरी आणि आयरा ब्लॅक यांच्या गटाने या यादीत चेतापेशी घातली. कृती कुठल्याही प्रयोगशाळेला जमेल इतकी सोपी होती. डीएमईएम या पेशी वाढवायच्या द्रवात (मीडियममध्ये) २० टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) आणि १ मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल हे रसायन घालून पेशी २४ तास ठेवायच्या, मग धुऊन बिनसीरमच्या मीडियममध्ये तेच रसायन १ ते १० मिलिमोलर द्यायचे. पर्यायी मिश्रणात २ टक्के डीएमएसओ (एक द्रावक) आणि २०० मायक्रोमोलर बीएचए (एक अँटिऑक्सिडंट) होते. काही तासांतच चपट्या पेशी गोळा होत, त्यांना लांब धागे फुटत आणि अनुकूल मिश्रणात जवळपास ८० टक्के पेशी एनएसई व न्यूरोफिलामेंट-एम या मार्करांचा, म्हणजे चेतापेशीची खूण मानलेल्या आणि रंगीत अँटिबॉडीने ओळखायच्या प्रथिनांचा, रंग धरत.

संशय यायला हवा होता तो या वेगाचा. खऱ्या चेतापेशीला धागे वाढवायला दिवस लागतात, परिपक्व व्हायला आठवडे.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल लू आणि मार्क टुशिन्स्की यांच्या गटाने अशा पेशींचे टाइम-लॅप्स (ठरावीक अंतराने फोटो घेऊन) चित्रण केले. धागे वाढतच नव्हते! पेशी आक्रसत होती आणि प्लास्टिकला चिकटलेले तिचे कोपरे तेवढे ताणलेले उरत होते. डिटर्जंट, जादा मीठ किंवा टोकाचा पीएच दिला तरी तोच आकार येई. प्रथिननिर्मिती रोखली तरी फरक पडेना. आरटी-पीसीआर या जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या चाचणीत संबंधित जनुकांची सक्रियता वाढलेलीही दिसेना. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने पेशीला आकार देणारा अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा सांगाडा नुसता मोडून हेच रूप मिळवले. रंग गडद दिसण्यालाही साधे कारण संभवते: तेच प्रथिन आता कमी जागेत दाटलेले असते. शिवाय यातले काही मार्कर या पेशींत मुळातच थोडेफार असतात. त्यामुळे केवळ अँटिबॉडीच्या रंगावर भिस्त ठेवणे, आमच्या मते, ही या सगळ्या प्रकरणातली मूळ चूक.

स्टॉकहोमच्या गटाने तर २००२ मध्येच दाखवले होते की अशा पेशींत विद्युतदाबावर उघडणाऱ्या आयन-वाहिन्या नाहीत. म्हणजे त्या संदेश पाठवूच शकत नाहीत.

पुढे वाट बदलली. यामानाका यांच्या आयपीएस पेशी (प्रौढ पेशींना भ्रूणपेशींसारख्या अवस्थेत परत नेऊन बनवलेल्या, २००६-०७) आल्या. २००९ मध्ये नॉगिन हे प्रथिन व एसबी४३१५४२ हे रसायन वापरून स्मॅड हे पेशीतले दोन संदेशमार्ग रोखून अशा पेशींना चेतापेशींच्या दिशेने नेता आले. २०१० मध्ये मारिउस वेर्निग यांच्या गटाने उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीतल्या पेशींमध्ये) एएससीएल१, बीआरएन२ आणि एमवायटी१एल ही तीन जनुके घालून थेट चेतापेशी मिळवल्या.

अस्थिमज्जेच्या पेशींवर आजही असा प्रयोग करताना रसायनाविना, फक्त सीरम काढलेली एक प्लेट शेजारी हवीच. रसायन दिलेल्या एका प्लेटला सीरम परत द्यावे. पेशी पुन्हा पसरून चपट्या झाल्या, तर ते रूपांतर नव्हते. त्यातूनही टिकल्या, तर पॅच क्लॅम्प (पेशीतला विद्युतप्रवाह मोजायचे तंत्र) लावून सोडियम प्रवाह मिळतो का आणि सोडियम वाहिन्या बंद करणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिन या विषाने तो थांबतो का, हे पाहावे.