श्वासनलिका मागून उघडी का? (मानवी धडाच्या मॉडेलसोबतचे माहितीपत्रक)

“श्वासनलिकेच्या कड्या मागून तुटलेल्या आल्यात, बदलून द्या.” धडाचे मॉडेल घेतलेल्या ग्राहकांचा असा फोन आम्हाला अधूनमधून येतोच. त्या तुटलेल्या नाहीत, मुद्दाम तशा केल्या आहेत. आपल्या शरीरातही श्वासनलिकेवरच्या कूर्चेच्या (हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाच्या) 16 ते 20 कड्या घोड्याच्या नालेसारख्या असतात. उघडी बाजू मागे, आणि तिथे पाठीला पाठ लावून अन्ननलिका. घास उतरताना अन्ननलिका फुगते, तेव्हा पुढचा हा मऊ भाग तिला थोडी जागा देतो. एरवी ती मिटलेलीच असते. श्वासनलिकेला मात्र मिटून चालत नाही, म्हणून कड्यांचा आधार.

हा शेजार जन्माआधीचा आहे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या पुढच्या भागाला एक कोंब फुटतो आणि त्यातूनच पुढे फुफ्फुसे वाढतात.

आता मानेचा सुटा भाग काढून घशात डोकावा. नाकातून आलेल्या हवेला पुढच्या नळीत जायचे असते आणि तोंडातून आलेल्या घासाला मागच्या. म्हणजे घशात दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. गिळताना टाळूचा मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट अडवतो, स्वरयंत्र वर सरकते, त्याच्या तोंडावरचे झाकण आडवे होते, खाली स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, स्वरयंत्र वर गेलेले लगेच कळेल. खाताखाता हसू आले की हीच घडी विस्कटते आणि ठसका लागतो. (मॉडेलमधले झाकण हलत नाही. हलणारे करून पाहिले होते, पण वर्गातली मुले ते दोन दिवसांत उपटून काढतात.)

छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पडदा म्हणजे श्वासपटल. ते आकसून खाली येते तेव्हा फुफ्फुसांत हवा शिरते आणि जठर, यकृत खाली दाबले जातात. म्हणून श्वासासोबत पोट पुढे येते. तुडुंब जेवल्यावर दीर्घ श्वास जड वाटतो, तो श्वासपटलाला खाली यायला जागा कमी पडते म्हणून. उचकी हा याच पडद्याचा झटका. त्यातल्या छिद्रातून अन्ननलिका जठराकडे जाते आणि भोवतीचे स्नायू आम्ल वर येऊ नये म्हणून तिला आवळून धरतात. तरीही आम्ल घशापर्यंत आले, तर काहींना नुसता खोकलाच येत राहतो.

श्वसन आणि पचन यांची खरी गाठ पडते ती रक्तात, आणि ती कोणत्याच प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये दाखवता येत नाही. आतड्यातून शोषलेली साखर आणि वायुकोशांतून (फुफ्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांतून) घेतलेला ऑक्सिजन रक्तातून पेशीत जाऊन एकत्र येतात. ऊर्जा मिळते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. चरबीही अशीच जळते. त्यामुळे 10 किलो चरबी पूर्ण जळाली तर तिचे सुमारे 8.4 किलो वजन श्वासावाटे बाहेर जाते! आम्हालाही हे आधी खरे वाटले नव्हते.

जोडताना आधी अन्ननलिका श्वासपटलाच्या छिद्रातून ओवा, मग जठर बसवा, फुफ्फुसे शेवटी. छिद्र घट्ट वाटले तरी तेल लावू नका, रंग सुटतो.